पडदा काळा, पण गुन्हेगार दुसराच

गाडी सुरू होते, इंजिन ठणठणीत, एसी गार. फक्त डॅशबोर्डवरचा नॅव्हिगेशनचा पडदा काळा. गॅरेजवाला म्हणतो, "स्क्रीन गेली साहेब, नवीन टाकावी लागेल." आकडा ऐकून पोटात गोळा येतो. आणि तेवढे पैसे मोजूनही पडदा काळाच राहू शकतो! असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९८५ साली कॅलिफोर्नियात एटॅक नावाच्या कंपनीने गाडीत बसवायचा नॅव्हिगेटर विकायला काढला. जीपीएस नाहीच, होकायंत्र, चाकांवरचे सेन्सर आणि नकाशे चक्क कॅसेटवर. पडदा हिरव्या रेषांचा. पण बिघाड शोधणं सोपं होतं. कॉम्प्युटरपासून पडद्यापर्यंत त्याची स्वतःची केबल. केबल तपासा, पडदा तपासा, कॉम्प्युटर तपासा. तीन संशयित, विषय संपला.

मग गाडीत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचं होतं. दर जोडीला वेगळी वायर टाकत बसलो तर गाडीचं तांब्याचं दुकान होईल :) बॉश कंपनीत १९८३ मध्ये यावर काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत 'कॅन' जगासमोर आलं. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी आणि त्यावर सगळी युनिट्स. एक बोलतं, बाकी सगळे ऐकतात. १९८७ मध्ये इंटेलने त्याची चिप काढली.

आता यातली खरी मेख. सामायिक वायरवर एक वेडं यंत्र सगळ्यांचं बोलणं बंद पाडू शकतं. बॉशच्या लोकांनी त्यावर जो उपाय काढला तो मला आजही सुंदर वाटतो. प्रत्येक युनिट स्वतःच्या चुका स्वतःच मोजतं. निरोप पाठवताना फसलं तर मीटर आठने वर, नीट गेला तर एकने खाली. १२७ च्या पुढे गेलं की त्याने आवाज खाली घ्यायचा. २५५ च्या पुढे गेलं की वायरवरून स्वतःहून बाजूला व्हायचं. (ऑफिसच्या मीटिंगमध्ये हा नियम कधी येणार?)

याचा परिणाम बघा. पडद्याकडे जाणाऱ्या फाट्यावर वायर घासली गेली असेल तर पडदा पुन्हा पुन्हा फसतो आणि शेवटी गप्प बसतो. तो मेलेला नाही, नियमाप्रमाणे वागतोय. बाहेरून मात्र हुबेहूब मेल्यासारखाच दिसतो.

नकाशे, गाणी, फोन यांना कॅनचा वेग पुरेना. १९९८ मध्ये बीएमडब्ल्यू, डेमलर वगैरे मंडळींनी एकत्र येऊन 'मोस्ट' हे जाळं पुढे आणलं, आणि २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये ते रस्त्यावर आलं. इथे तांबं नाही. एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची फायबर आणि तिच्यात लाल प्रकाश. रचना गोल, म्हणजे रेडिओने ॲम्प्लिफायरला द्यायचं, त्याने पुढच्याला, फिरून पुन्हा रेडिओकडे. डिकीतला एखादा सीडी चेंजर ओलाव्याने मेला की साखळी तुटली, आणि बळी कोणाचा? समोरच्या पडद्याचा. फायबर जास्त वाकवली तरी प्रकाश गळतो.

यावरचा इलाज मात्र झकास. एकेका युनिटची फायबर काढून दोन टोकं छोट्या जोडणीने थेट जोडायची, म्हणजे ते युनिट वगळलं. ज्याला वगळल्यावर पडदा उजळला, तो चोर. आणि सुट्या केलेल्या टोकातून लाल उजेड येतोय की नाही हे साध्या डोळ्यांनी दिसतं!

दरम्यान अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना बिघाडाचे प्रमाणित कोड सक्तीचे झाले. त्यांच्या वर्गीकरणात जाळ्याच्या बिघाडांचं अक्षर 'यू'. यातले कितीतरी कोड 'अमक्याशी संपर्क तुटला' अशा अर्थाचे असतात. आणि लोक इथेच फसतात, कारण कोड नोंदवणारा हा तक्रारदार असतो. पडद्याच्या मेमरीत कोड सापडला म्हणून पडदा बदलणं म्हणजे चोरीची फिर्याद देणाऱ्यालाच आत टाकण्यासारखं आहे.

म्हणून शहाणा मेकॅनिक आधी बॅटरी बघतो. व्होल्टेज पडलं की असे कोड ढिगाने येतात. मग सगळ्या युनिट्सचे कोड वाचून तक्रारी ताडून बघतो. सगळे एकाच्याच नावाने ओरडत असतील तर तो, त्याचा वीजपुरवठा किंवा त्याचा फाटा. जोरकस कॅनवर दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं की साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी चिकटल्यात. मल्टिमीटर आणि दहा मिनिटं. नव्या स्क्रीनच्या बिलापुढे हा खर्च काहीच नाही.

पुढे २०१३ च्या सुमारास बीएमडब्ल्यूने एक्स-५ मध्ये कॅमेऱ्यांसाठी एका जोडीच्या वायरीवरचं इथरनेट आणलं आणि २०१५ मध्ये त्याचं प्रमाणही ठरलं. त्यात प्रत्येक युनिटची मधल्या स्विचपर्यंत स्वतःची जोडी असते. चाळीस वर्षं फिरून आपण एटॅकच्या त्या एकट्या केबलजवळ आलोय म्हणायचं. फक्त आता स्विच हा चौथा संशयित.