एअर इंडिया

एअर इंडिया ही भारतातील देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा पुरवणारी कंपनी आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली सुरू केलेल्या हवाई टपालसेवेतून तिचा उगम झाला. १९५३ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि सुमारे ६९ वर्षे ती भारत सरकारच्या मालकीची होती. २७ जानेवारी २०२२ रोजी ती पुन्हा टाटा समूहाकडे आली. कंपनीचे मुख्यालय दीर्घकाळ मुंबईत होते. पुढे ते दिल्लीला व नंतर हरियाणातील गुरुग्राम येथे हलवण्यात आले. दिल्लीचे इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ हे कंपनीच्या वाहतुकीचे प्रमुख केंद्र असून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ हे दुसरे महत्त्वाचे केंद्र आहे.

राष्ट्रीय विमानकंपनीची संकल्पना

एका देशातून दुसऱ्या देशात प्रवासी नेण्याचा हक्क कोणत्याही विमानकंपनीला आपोआप मिळत नाही. दोन देशांची सरकारे द्विपक्षीय करार करून आठवड्याला किती उड्डाणे किंवा किती आसने चालवायची, हे ठरवतात आणि आपल्या वाट्याचे हक्क आपल्या कंपन्यांना देतात. हे हक्क वापरण्यासाठी अनेक देशांनी विसाव्या शतकात स्वतःची एक कंपनी उभी केली. तिला राष्ट्रीय किंवा ध्वजवाहक विमानकंपनी म्हणतात. अशा कंपनीकडून दोन अपेक्षा असतात : तिने धंदा म्हणून स्वतःच्या पायावर उभे राहावे आणि संकटकाळी देशाची सेवाही करावी. एअर इंडियाची भरभराट आणि घसरण या दोन्ही गोष्टी समजण्यासाठी हा दुहेरी भार ध्यानात घ्यावा लागतो.

इतिहास

टपालसेवेपासून प्रारंभ (१९३२–१९४६)

जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला तो पहिला परवाना होता. ब्रिटिश वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांच्यासोबत त्यांनी टपालवाहतुकीची योजना आखली. त्या वेळी इंग्लंडहून येणारे हवाई टपाल इम्पीरियल एअरवेज कंपनीच्या विमानाने कराचीपर्यंत येत असे. तेथून ते मुंबई व मद्रासपर्यंत विमानाने पोचवण्याचा टाटांचा प्रस्ताव होता. सरकारने अनुदान देण्यास नकार दिला, तेव्हा अनुदानाविना ही सेवा चालवण्याची तयारी टाटांनी दाखवली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथील धावपट्टीवर उतरले. पुढचा बल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पार केला. जुहूची धावपट्टी त्या काळी समुद्रालगतच्या सपाट, चिखलट जमिनीवर होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जात असल्याने विमाने, वैमानिक व यंत्रज्ञ यांच्यासह सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. ‘टाटा एअर सर्व्हिसेस’ या नावाने सुरू झालेल्या या सेवेला १९३८ साली ‘टाटा एअरलाइन्स’ हे नाव मिळाले. २९ जुलै १९४६ रोजी तिचे सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतर झाले आणि ‘एअर इंडिया’ हे नाव धारण करण्यात आले.

आंतरराष्ट्रीय सेवा व राष्ट्रीयीकरण (१९४८–१९५३)

१९४८ साली ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिच्या भागभांडवलात भारत सरकारचा वाटा ४९ टक्के होता. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला जाणाऱ्या पहिल्या आंतरराष्ट्रीय फेरीसाठी उड्डाण केले.

युद्धानंतर स्वस्तात उपलब्ध झालेल्या डाकोटा विमानांच्या बळावर देशात अनेक लहान विमानकंपन्या निघाल्या. प्रवासी मोजके आणि कंपन्या पुष्कळ, अशी स्थिती झाल्याने बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या. या पार्श्वभूमीवर १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्यान्वये सरकारने दोन महामंडळे स्थापन केली. परदेशी मार्ग एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिले, तर देशांतर्गत कंपन्या एकत्र करून ‘इंडियन एअरलाइन्स’ निर्माण करण्यात आली. १ ऑगस्ट १९५३ पासून ही व्यवस्था अमलात आली. जे. आर. डी. टाटा यांचा राष्ट्रीयीकरणाला विरोध होता. तथापि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या आग्रहावरून त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पुढे सुमारे २५ वर्षे ते सांभाळले.

जेट युग (१९६०–१९७८)

फेब्रुवारी १९६० मध्ये ‘गौरीशंकर’ हे पहिले बोइंग ७०७ जेट विमान ताफ्यात दाखल झाले. १९६२ साली कंपनीने पंख्यांची सर्व विमाने निवृत्त केली आणि केवळ जेट विमाने चालवणारी ती जगातील पहिली कंपनी ठरली. त्याच वर्षी नावातील ‘इंटरनॅशनल’ हा शब्द गळला. १९७१ साली ‘एम्परर अशोक’ हे पहिले बोइंग ७४७ आले. या जातीच्या विमानांच्या खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांच्या आकृती रंगवलेल्या असत.

मालकी सरकारची, पण दैनंदिन कारभार व्यावसायिक मंडळींच्या हाती, ही या काळातील व्यवस्थेची विशेषता होती. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने टाटा यांना अध्यक्षपदावरून दूर केले व निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांची नियुक्ती केली. १९८० साली इंदिरा गांधी यांच्या सरकारने टाटा यांना संचालक मंडळावर परत घेतले. अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे पुन्हा आले नाही.

स्पर्धा, विलीनीकरण व तोटा (१९९४–२०२१)

१९९४ साली १९५३ चा कायदा रद्द झाला आणि सरकारी महामंडळांची मक्तेदारी संपुष्टात आली. खासगी कंपन्यांनी देशांतर्गत बाजारपेठेत जम बसवला. आखाती देशांतील कंपन्यांनी परदेशी प्रवाशांचा मोठा हिस्सा ओढून घेतला. २००५–०६ च्या सुमारास एअर इंडियाने ६८ बोइंग व इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस अशा एकूण १११ विमानांची मागणी नोंदवली. ही खरेदी मुख्यतः कर्जातून व्हायची होती.

२००७ साली दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण करण्यात आले. त्यांची विमाने वेगवेगळ्या बनावटीची होती. वेतनश्रेणी, बढतीचे नियम व कामाच्या पद्धतीही भिन्न होत्या. वैमानिकांतील असंतोष २०१२ साली ५८ दिवस चाललेल्या संपातून प्रकट झाला. ३१ मार्च २०१० रोजी कंपनीवरील कर्ज ३८,४२३ कोटी रुपये होते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या कर्जभारास प्रामुख्याने विमानखरेदी जबाबदार धरली, तसेच परदेशी कंपन्यांना सढळपणे दिलेल्या वाहतूक हक्कांवरही टीका केली. २०१२ साली केंद्र सरकारने सुमारे ३०,००० कोटी रुपयांच्या भांडवली साहाय्याची दीर्घ मुदतीची योजना मंजूर केली, तरीही कर्ज वाढतच गेले.

निर्गुंतवणूक (२०१८–२०२२)

२०१८ साली सरकारने कंपनीचे ७६ टक्के भाग विक्रीस काढले. परंतु एकही बोली आली नाही. दुसऱ्या प्रयत्नात सर्व, म्हणजे १०० टक्के, भाग विकण्याचे ठरले आणि खरेदीदाराने किती कर्ज उचलायचे, हे ठरवण्याची मुभा त्यालाच देण्यात आली. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटा समूहातील ‘टॅलेस’ या कंपनीची १८,००० कोटी रुपयांची बोली स्वीकारल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी १५,३०० कोटी हे कर्जाचे दायित्व होते व २,७०० कोटी रुपये सरकारला रोख मिळायचे होते. त्या वेळी एकूण कर्ज ६१,५६२ कोटी रुपये होते. उरलेले ४६,२६२ कोटींचे कर्ज याच कामासाठी स्थापन केलेल्या सरकारी कंपनीकडे वर्ग झाले. विक्रीनंतरही कर्जाचा तीन चतुर्थांश भार अशा रीतीने सरकारकडेच राहिला.

विक्रीच्या वेळी एअर इंडियात १२,०८५ कर्मचारी होते. त्यांपैकी ८,०८४ कायम व ४,००१ कंत्राटी होते. पहिले एक वर्ष कोणालाही कामावरून कमी करता येणार नाही, अशी अट करारात होती. मुंबईतील कलिना येथील कर्मचारी वसाहतीची जमीन व्यवहारातून वगळलेली असल्याने तेथील रहिवाशांना घरे सोडण्याच्या नोटिसा देण्यात आल्या. हा वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला.

राष्ट्रीय सेवा

१९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर तेथे अडकलेल्या भारतीयांना जॉर्डनची राजधानी अम्मान येथून मायदेशी आणण्यात आले. ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे होऊन एक लाखाहून अधिक नागरिक परतले. प्रवासी विमानांनी केलेले सर्वांत मोठे स्थलांतर म्हणून या मोहिमेची गिनीज बुकात नोंद झाली. २०१५ साली येमेनमधून व २०२० साली करोनाच्या साथीत ‘वंदे भारत’ मोहिमेतही कंपनीने नागरिकांना परत आणले. राष्ट्रपती व पंतप्रधान यांच्या परदेश दौऱ्यांसाठी कंपनीची विमाने दीर्घकाळ वापरली जात असत.

स्त्री कर्मचारी व न्यायालयीन निवाडा

जुन्या सेवानियमांनुसार हवाई सुंदरीला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास किंवा प्रथम गरोदर राहिल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, सेवानिवृत्त व्हावे लागे. वयोमर्यादा वाढवून देणे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होते. ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा’ या १९८१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट व संचालकांचा अनिर्बंध अधिकार घटनाबाह्य ठरवले. विवाहाबाबतची चार वर्षांची अट मात्र न्यायालयाने कायम ठेवली. भारतीय संविधानातील समानतेच्या हक्काचा अभ्यास करताना या निवाड्याचा उल्लेख नेहमी येतो.

अपघात व घातपात

• ३ नोव्हेंबर १९५० : ‘मलबार प्रिन्सेस’ फ्रान्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले, ४८ मृत्यू.
• ११ एप्रिल १९५५ : बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या चिनी शिष्टमंडळातील व्यक्तींना नेणाऱ्या ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमानात बाँबस्फोट; १६ मृत्यू. कॅप्टन डी. के. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. बचावलेल्या तिघांपैकी अभियंता अनंत कर्णिक यांनी या घटनेवर पुस्तक लिहिले.
• २४ जानेवारी १९६६ : ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ माँ ब्लाँवरच आदळले, ११७ मृत्यू. मृतांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचा समावेश होता.
• १ जानेवारी १९७८ : ‘एम्परर अशोक’ मुंबईहून निघताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले, २१३ मृत्यू.
• २३ जून १९८५ : ‘कनिष्क’ विमानात आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बाँबस्फोट, ३२९ मृत्यू. मृतांत बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते.
• १२ जून २०२५ : अहमदाबादहून लंडनला निघालेले बोइंग ७८७ उड्डाणानंतर लगेच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ व जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा उड्डाणानंतर काही क्षणांतच बंद झाल्याचे प्राथमिक चौकशी अहवालात नमूद आहे.

कार्यपद्धती व सद्यःस्थिती

कंपनीच्या ताफ्यात दोन प्रकारची विमाने आहेत. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा लांबच्या मार्गांवर दोन मार्गिका असलेली रुंद विमाने (बोइंग ७७७, बोइंग ७८७, एअरबस ए३५०) चालतात. देशांतर्गत व जवळच्या परदेशी मार्गांवर मुख्यतः एक मार्गिका असलेली एअरबस ए३२० कुळातील विमाने वापरली जातात. कमी दराची सेवा ‘एअर इंडिया एक्सप्रेस’ ही उपकंपनी चालवते. ती २००५ साली, प्रामुख्याने आखातात नोकरीसाठी जाणाऱ्या प्रवाशांच्या सोयीसाठी सुरू झाली. जुलै २०१४ पासून एअर इंडिया ‘स्टार अलायन्स’ या जागतिक संघटनेची सदस्य आहे.

विमानांची देखभाल करणारी अभियांत्रिकी कंपनी विक्रीतून वगळून सरकारकडे ठेवण्यात आली. बोइंगच्या विमानखरेदीतील अटीनुसार नागपूरच्या मिहान प्रकल्पात उभारलेले देखभाल केंद्र याच कंपनीकडे आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने एअरबस व बोइंग यांच्याकडून ४७० विमाने घेण्याचे जाहीर केले. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘विस्तारा’ ही कंपनी तिच्यात विलीन झाली. या व्यवहारानंतर सिंगापूर एअरलाइन्सकडे एअर इंडियाचे २५.१ टक्के भाग आले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्याने उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गांचे अंतर व इंधनखर्च वाढला.

वारसा

लवून अभिवादन करणारा फेटेधारी ‘महाराजा’ हे कंपनीचे बोधचित्र १९४६ साली साकारले. त्याची कल्पना कंपनीचे अधिकारी बॉबी कूका यांची, तर रेखाटन मुंबईतील चित्रकार उमेश राव यांचे होते. मुंबईच्या नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ साली पूर्ण झाली आणि २०१३ पर्यंत ती कंपनीचे मुख्यालय होती. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील साखळी बाँबस्फोटांत ही इमारतही लक्ष्य ठरली होती. महाराष्ट्र सरकारने ती १,६०१ कोटी रुपयांना विकत घेण्याचा निर्णय घेतला.

तिकीट कार्यालये सजवण्याच्या निमित्ताने कंपनीने अनेक दशके भारतीय कलाकृती विकत घेतल्या. मकबूल फिदा हुसेन, वासुदेव गायतोंडे आदी चित्रकारांच्या चित्रांचा या संग्रहात समावेश आहे. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांनी कंपनीसाठी रक्षापात्राची रचना केली आणि मोबदल्यात हत्तीचे पिल्लू मागून घेतले. कंपनीची विक्री झाली, तरी हा संग्रह खासगी मालकीत गेला नाही. तो केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या ताब्यात देण्यात आला.