पन्नास मैलांवरचं मिसिंग

तुमच्या हातात बारीक कड्याचं मोठं स्टिअरिंग आहे आणि गाडी झटके मारते आहे. इंजिन क्षणभर बंद पडल्यासारखं होतं, लगेच पुन्हा पकडतं, आणि मागे सायलेन्सरमध्ये फाटकन आवाज होतो. सीट इतकी खाली आहे की शेजारून गेलेल्या लॉरीची चाकं तुमच्या खांद्याला लागून गेल्यासारखी वाटली. साल १९७४, महिना फेब्रुवारी. तुम्ही १९६३ च्या एमजीबीत बसला आहात आणि इंग्लंडमधल्या मार्चम गावाहून अ‍ॅबिंग्डनकडे निघाला आहात. ही गाडी जिथे जोडली गेली तो कारखाना याच रस्त्यालगत आहे आणि अजून जोरात चालू आहे. १९८० साली त्याला कुलूप लागेल, हे इथे फक्त तुम्हाला माहीत आहे.

काटा पन्नासवर आहे आणि त्यापुढे नेण्याची मुभा नाही. तेलटंचाईमुळे डिसेंबरपासून देशभर ताशी ५० मैलांची, म्हणजे ८० किलोमीटरची मर्यादा आहे. पेट्रोलची कुपनं लोकांच्या हाती पडली आहेत; ती वापरायची वेळ मात्र कधीच येणार नाही. पन्नासला गाडी धरून ठेवली की झटके सुरू होतात. तुमचा हात सवयीने डॅशबोर्डखाली स्कॅनरचं सॉकेट चाचपतो. तिथे नुसत्या वायरी आहेत.

गॅरेजात वीज नाही. कोळसा खाणकामगारांच्या आंदोलनामुळे धंदेवाल्यांना आठवड्यातून सलग तीनच दिवस वीज मिळते आणि आजचा दिवस त्यांतला नाही. दार सताड उघडं आहे, उजेड येतो तो तिथूनच. वयस्क मेकॅनिक हात पुसत पुढे येतात. तुम्ही यादी सांगू लागता: प्लग नवे, पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, कॉइलसुद्धा बदलली.

“काय बदललं ते नंतर सांगा,” ते म्हणतात. “होतं केव्हा?”

तुम्ही आठवू लागता. उभ्या गाडीत इंजिन संथ आणि एकसारखं चालतं. चढावर पेडल पूर्ण दाबलं तर गाडी बिनतक्रार ओढते. ओव्हरटेक करतानाही काही नाही. सपाट रस्ता, चौथा गिअर, पेडलवर पाय नुसता टेकलेला, तेव्हाच. थंड असो की तापलेली, फरक नाही.

“एक सिलिंडर मिस करतो की चारही?”

“चारही. बटण बंद केल्यासारखे.”

बॉनेट अजून उघडलेलं नाही आणि अर्धा तपास झालेला आहे. पेट्रोल कमी पडत असतं तर इंजिन हळूहळू मान टाकत गेलं असतं आणि सगळ्यात जास्त चढावर, जिथे पेट्रोल जास्त लागतं तिथे. एखादा प्लग किंवा त्याची वायर गेली असती तर एकच सिलिंडर मेला असता आणि गाडी उभी असतानाही इंजिन ठराविक तालात हललं असतं. चारही एकदम जातात, म्हणजे चौघांच्या सामाईक वाटेवर खोट आहे. बॅटरीपासून कॉइल आणि कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, ही ती वाट. तिथला करंट मध्येच तुटतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरपर्यंत जातं. करंट परत आला की तेच तिथे फुटतं.

बॉनेट वर जातं आणि तुम्हाला ओळखीचं काही दिसल्यासारखं होतं. ते खरंच ओळखीचं आहे. बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं हे १,७९८ सीसीचं इंजिन. याच घराण्यातलं १,४८९ सीसीचं भावंड आपल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं धावलं. फायरिंगचा क्रमही तोच, १-३-४-२. नागपूर-सोलापूरच्या टॅक्सीवाल्यांनी हेच इंजिन रस्त्याच्या कडेला उघडून दुरुस्त केलं आहे.

मेकॅनिक बोट ठेवतात ते एका बारीक नळीवर. कार्बोरेटरपासून निघून ती डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला लावलेल्या चपट्या डबीत शिरते. हलक्या पेडलवर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी जातं आणि ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. त्यासाठी नळीतल्या ओढीने डबीतला पडदा खेचला जातो आणि पॉइंट ज्या प्लेटवर बसलेत ती प्लेट किंचित फिरते. या गाडीत उभ्या इंजिनावर नळीला ओढ मिळत नाही. पेडल पूर्ण दाबलं तरी ओढ जवळजवळ संपते. ती असते मधल्या हलक्या पेडलवर.

तुमची तक्रारही नेमकी तिथलीच आहे.

ते नळी काढून तिचं तोंड बंद करतात आणि तुम्हाला रस्त्यावर पाठवतात. पन्नासला तुम्ही श्वास रोखून पेडल धरता. इंजिन एका सुरात चालतं. परत येऊन तुम्ही म्हणता, नळी अशीच राहू द्या की! ते मान हलवतात. गाडी चालेल, पण हलक्या पेडलवर ठिणगी उशिरा पडेल आणि पेट्रोल वाया जाईल. शिवाय खोट आत तशीच राहील.

आता डिस्ट्रिब्युटरचं टोपण निघतं, रोटर निघतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघं मिळून ती बोटभर ढकलता, पॉइंट नीट मिटून बसेपर्यंत. मिटलेल्या अवस्थेच्या मधोमध ते थांबवतात, म्हणजे प्लेट थोडी फिरली तरी पॉइंट उघडणार नाहीत. मग खिशातून दोन वायरींना जोडलेला १२ व्होल्टचा छोटा दिवा काढतात. एक टोक कॉइलच्या ‘सीबी’ खुणेच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. इग्निशन चालू. पॉइंट मिटलेले असल्याने करंट त्यांतून बॉडीत उतरतो आणि दिवा विझलेला राहतो. तसाच राहायला हवा.

“नळी तोंडात धरा आणि ओढा.”

जिभेवर रबराची आणि पेट्रोलची चव येते. प्लेट जराशी सरकते आणि दिवा लागतो. ओढ सोडली की विझतो. पॉइंट मिटलेलेच आहेत, तरी करंट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटकडे जाणारी एक आखूड वायर आहे, वरून सुती वेष्टण घातलेली. प्लेटबरोबर रोज हजारदा वाकायचं, हेच तिचं आयुष्य. मेकॅनिक ती दोन बोटांत धरून हलकेच ताणतात. वेष्टण जसंच्या तसं आहे, पण मधोमध ते लांबतं. आतली तांब्याची तार तुटलेली आहे. दोन टोकं एकमेकांना टेकून असतात तोवर गाडी चालते. प्लेट फिरली की ती विलग होतात.

नवे प्लग, नवे पॉइंट, नवी कॉइल यांनी काहीच का झालं नाही, हे आता उघड्या डोळ्यांनी दिसतं. त्यांतलं काहीच बिघडलेलं नव्हतं.

ड्रॉवरमध्ये जुन्या डिस्ट्रिब्युटरचे सुटे भाग आहेत. त्यांतून ते तशीच बारीक पदरांची वायर निवडतात. जाड, ताठ वायर लावली तर ती काही दिवसांत मोडेल आणि तोवर प्लेटही मोकळी फिरू देणार नाही. सोल्डरिंगची कांब गॅसच्या ज्योतीवर तापवून ते दोन्ही टोकांना डाग देतात. नळी पुन्हा ओढायला लावतात. दिवा विझलेलाच राहतो. मग पॉइंटची फट फिलर गेजने तपासतात: ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मधे. कॅमवर बोटाच्या टोकाने किंचित ग्रीस. टोपण बसवायच्या आधी त्याच्या आतल्या भागावर बॅटरीचा झोत टाकून तडा नाही ना, हेही पाहून घेतात.

नळी जागेवर लावून तुम्ही निघता. चौथा गिअर, पन्नास मैल, इंजिनाचे मिनिटाला साधारण २,८०० फेरे. पेडलवर पाय टेकलेला. इंजिन दमदार आणि सलग चालतं.

इथून बावीस वर्षांनी, १९९६ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं होईल. ती यंत्रणा दोषाच्या कोडबरोबर त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, भार किती होता, तापमान काय होतं, हेही टिपून ठेवते. म्हणजे या मेकॅनिकने पहिल्यांदा विचारलेलाच प्रश्न तिनेही धरून ठेवला आहे. पण ती नोंद कुणी वाचली तरच उपयोग. नुसता कोड पाहून सुटे भाग बदलत राहिलं तर खर्च होतो आणि झटके राहतात.

म्हणून तुमची गाडी मिस करू लागली, मग ती पन्नास वर्षांपूर्वीची असो की कालची, पाना उचलण्याआधी कागद-पेन घ्या. थंड की गरम? चढ की सपाट? पेडल किती दाबलं होतं? एक सिलिंडर की सगळे? आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. चांगल्या मेकॅनिकला हा कागद तुमच्या बिलांच्या जाड फाइलपेक्षा जास्त सांगतो.