लंडनमधला दसरा, १९०९ : परदेशी विद्यार्थ्यांच्या सहली, सण आणि एका पंगतीची गोष्ट

#थ्रेड

(१)
२४ ऑक्टोबर १९०९, रविवार. लंडनच्या बेजवॉटर भागातील निजामुद्दीन यांच्या उपाहारगृहात हिंदी विद्यार्थ्यांनी दसरा साजरा केला. अध्यक्षस्थानी चाळिशीतले बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी होते. वक्त्यांमध्ये सव्वीस वर्षांचे विनायक दामोदर सावरकर होते. या प्रसंगाचा उल्लेख पुष्कळदा होतो, पण बहुधा दोन नावांची झुंज एवढ्यापुरताच. तो विद्यार्थ्यांचा सण होता आणि निमंत्रण विद्यार्थ्यांनी दिले होते, हे मागे पडते. हा थ्रेड त्या बाजूने वाचावा, ही विनंती.

(२)
आम्हां धाराशिवकरांना दसरा म्हटले की तुळजापूर आठवते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. दसऱ्याच्या पहाटे ती सिंहासनावरून हलवून पालखीत ठेवतात आणि देवीचे सीमोल्लंघन होते. पालखी बुऱ्हाणनगरची, पलंग घोडेगावचा. सीमोल्लंघनानंतर देवी त्या पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि कोजागरीला पुन्हा सिंहासनावर येते. म्हणजे आपल्याकडे दसरा हा मुळात सीमा ओलांडण्याचा दिवस आहे. मराठी सैन्ये मोहिमेसाठी बाहेर पडत, तीही याच सुमारास. १९०९ मध्ये तुळजापूर निजामाच्या राज्यात होते आणि गादीवर महबूब अली खान होते. त्याच वर्षी सातासमुद्रापार काही तरुण हाच सण मांडून बसले होते. त्यांनी कोणत्या सीमा ओलांडल्या, हा आजचा प्रश्न.

(३)
पहिली सीमा समुद्राची. ४ सप्टेंबर १८८८ रोजी गांधी मुंबईहून निघाले, त्याआधी मोढ वाणी समाजाच्या मुंबईतील पंचायतीने त्यांना जातीबाहेर काढले होते. त्यांना मदत करणाऱ्यास वा निरोप द्यायला बंदरावर जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरला होता. परदेशगमन म्हणजे धर्म बुडणे, ही समजूत त्या काळी मराठी मुलखातही पक्की होती. त्यामुळे तिकडे गेलेल्या विद्यार्थ्यासाठी ‘आपण कोण?’ हा प्रश्न पुस्तकी राहत नसे. ताटात काय वाढले जाते आणि शेजारी कोण बसले आहे, इथपासून तो सुरू होई.

(४)
विद्यार्थी गांधींच्या सहली या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. विलायतेतील पहिल्याच वर्षी ते ब्रायटनला गेले. हॉटेलातील पदार्थांची यादी फ्रेंचमध्ये होती. त्यांना काही उमगेना. त्याच टेबलावरील एका वृद्ध विधवेने त्यांची अडचण ओळखली आणि मांस नसलेले पदार्थ दाखवून दिले. पुढे ही ओळख वाढली. तिच्या घरी जाणेयेणे सुरू झाले आणि आपण विवाहित असल्याचे लपवल्याची कबुली त्यांना पत्र लिहून द्यावी लागली. त्यांच्या आत्मकथेत हे सारे आहे.

(५)
पॅरिसच्या प्रदर्शनालाही ते सात दिवस जाऊन आले. आयफेल मनोऱ्यावर दोन-तीनदा चढले आणि इतक्या उंचीवर जेवलो, एवढे सांगता यावे म्हणून सात शिलिंग खर्चून तिथे जेवले. आत्मकथेत या प्रदर्शनाचे साल १८९० दिले आहे. प्रत्यक्षात ते १८८९ चे. हा तपशील मुद्दाम सांगतो, कारण आठवणी लिहिणारा प्रामाणिक असला तरी साल निसटू शकते. पुढे दसऱ्याच्या पंगतीकडे वळताना हे ध्यानात ठेवावे लागेल.

(६)
जून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतण्याच्या आदल्या दिवशी गांधींनी हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये मित्रांना निरोपाचे जेवण दिले. सामिष खानावळीत निरामिष मेजवानी हा तिथे नवाच प्रयोग होता. भाषणाची तयारी त्यांनी बारकाईने केली होती, एक विनोदही योजला होता. उभे राहिल्यावर मात्र पहिल्या वाक्याच्या पुढे काही सुचेना. आल्याबद्दल पाहुण्यांचे आभार मानून ते खाली बसले. अठरा वर्षांनंतर याच शहरात, अशाच एका जेवणाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

(७)
मधल्या काळात विद्यार्थ्यांची पिढी बदलली होती. १ जुलै १९०५ रोजी हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू येथे श्यामजी कृष्णवर्मा यांनी ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह उघडले. उद्घाटन इंग्रज समाजवादी हाइंडमन यांनी केले. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने शिवाजी शिष्यवृत्ती मिळवून सावरकर १९०६ मध्ये तिथे पोहोचले आणि ग्रेज इनमध्ये कायदा शिकू लागले. या घरात तमिळनाडूचे व्ही. व्ही. एस. अय्यर होते, पंजाबचे मदनलाल धिंग्रा येत, बंगालचे निरंजन पाल येत. मायदेशी हे तरुण एकमेकांना भेटलेही नसते. परप्रांतांची ओळख त्यांना परदेशात झाली.

(८)
ओळख झाली की सण आलेच. १० मे १९०८ रोजी इंडिया हाउसमध्ये १८५७ च्या उठावाचा स्मृतिदिन साजरा झाला. ज्याला इंग्रजी पुस्तके ‘शिपायांचे बंड’ म्हणत, त्याला या विद्यार्थ्यांनी हुतात्म्यांचा दिवस म्हटले आणि तसे बिल्ले छातीवर लावले. बिल्ले लावून वर्गात गेलेल्यांचे महाविद्यालयांशी खटके उडाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅक्स्टन हॉलमध्ये गुरू गोविंदसिंह यांची जयंती झाली. बंगाली, मराठी आणि तमिळ तरुण शिखांच्या गुरूचा उत्सव करत होते. टिळकांनी गणेशोत्सवाला आणि शिवजयंतीला जे सार्वजनिक रूप दिले, त्याचेच हे परदेशी रोपटे होते. फरक इतकाच, की इथे उत्सव कोणत्या एका प्रांताचा राहिला नाही.

(९)
मग १ जुलै १९०९ उजाडला. इम्पीरियल इन्स्टिट्यूटमधील एका समारंभात धिंग्रा यांनी कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांना वाचवायला धावलेले डॉ. लालकाका हेही मरण पावले. ५ जुलैला कॅक्स्टन हॉलमधील सभेत निषेधाचा ठराव एकमताने संमत होऊ लागला, तेव्हा सावरकरांनी त्याला विरोध नोंदवला. १७ ऑगस्टला धिंग्रा फासावर गेले. त्याआधी जूनमध्ये सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. इंडिया हाउसची घडी मोडली. गुप्त पोलिसांचा पहारा वाढला आणि हिंदी विद्यार्थ्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. मित्रांनी एकत्र जमणे हीच आता जोखीम झाली.

(१०)
याच दिवसांत पुन्हा एक ब्रायटनची सहल येते. थकलेले सावरकर निरंजन पाल यांच्यासह समुद्रकिनारी गेले आणि तिथे समुद्राला उद्देशून त्यांनी ती कविता रचली, जी आज महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही पाठ असते. हे निरंजन पाल म्हणजे बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव. पुढे बॉम्बे टॉकीजच्या ‘अछूत कन्या’ची कथा त्यांनीच लिहिली. एकाच गावच्या दोन सहली पाहा. विद्यार्थी गांधींना तिथे अनोळखी भाषेतील ताटाने अडवले. सावरकरांना तिथे मायभूमीच्या आठवणीने गाठले. आपण परक्या मुलखात आहोत, हे दोघांनाही पुरते जाणवले, ते असे सुट्टीच्या दिवशी.

(११)
गांधी १० जुलै १९०९ रोजी लंडनला पोहोचले. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी आलेल्या शिष्टमंडळात हाजी हबीब त्यांचे सहकारी होते. नऊ दिवसांपूर्वीच्या त्या हत्येचा गांधींनी उघड निषेध केला. दसऱ्याच्या जेवणाचे अध्यक्षपद त्यांना द्यायला जे आले, ते जहाल गटाचे होते. गांधींनी होकार दिला, पण एका अटीवर. वादाचे राजकारण बोलायचे नाही. अट मान्य झाली.

क्षणभर थांबून या निमंत्रणाचे मोल पाहावे. ज्यांचा मित्र दोन महिन्यांपूर्वी फाशी गेला होता, त्यांनी त्या कृत्याचा निषेध करणाऱ्या माणसाला आपल्या सणाचे पहिले पान वाढले. आणि त्यानेही ते स्वीकारले.

(१२)
स्वयंपाकघराचीही एक आठवण आहे. त्या वेळी वैद्यक शिकणारे आणि पुढे मद्रास प्रांताचे मंत्री झालेले टी. एस. एस. राजन यांनी, लंडनमध्ये गांधींसाठी झालेल्या विद्यार्थ्यांच्या एका भोजनाविषयी लिहून ठेवले आहे. दुपारीच एक किरकोळ अंगकाठीचे गृहस्थ आले आणि मुलांबरोबर भांडी विसळू लागले, भाजी चिरू लागले. सायंकाळी व्ही. व्ही. एस. अय्यर आले, तेव्हा कुठे उलगडा झाला, की आजचे प्रमुख पाहुणे तेच. मोरीत हात घातलेला माणूस व्यासपीठावरचा पाहुणा असू शकतो, ही कल्पनाच त्या मुलांना नवी होती.

(१३)
जेवणानंतर भाषणे झाली. राजकारण वर्ज्य होते, पण रामायण वर्ज्य नव्हते! चरित्रकारांच्या नोंदींनुसार गांधींनी रामाचा वनवास, सीतेचे सोसणे आणि लक्ष्मणाचे तप यांवर भर दिला. सावरकरांचे म्हणणे असे, की रावणाचा वध झाल्यावरच रामराज्य आले, आणि विजयादशमीच्या आधी नवरात्रातली दुर्गा असते. दोघांनी अट पाळली आणि दोघांनीही आपल्याला हवे तेच सांगितले. हिंदुस्थान नाना रंगांच्या इंद्रधनुष्यासारखा अधिक शोभून दिसेल, अशा अर्थाचे विचार सावरकरांच्या त्या भाषणात होते, असेही चरित्रांत आढळते. सावरकर रामायणाच्या थोरवीवर आवेशाने बोलले, अशी नोंद स्वतः गांधींनी ‘इंडियन ओपिनियन’साठी लिहिलेल्या वार्तापत्रात केली आहे.

(१४)
साधनांविषयी थोडेसे. गांधींचे वार्तापत्र त्याच दिवसांतले आहे, म्हणून त्याला वजन अधिक. बाकीच्या बऱ्याच आठवणी पुढच्या काळात लिहिल्या गेल्या, जेव्हा दोन्ही नावांभोवती पंथ उभे राहिले होते. ज्याला जे आठवायचे होते, ते त्याने अधिक ठळक आठवले. पॅरिसच्या सालाची गोष्ट इथे उपयोगी पडते. नंतरची साधने टाकून द्यायची नसतात. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिली, हे विचारून वाचायची असतात.

(१५)
त्या पंगतीचा परिणाम काय झाला? सहा दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, गांधींनी लॉर्ड अॅम्पटहिल यांना पत्र लिहिले. इथल्या सर्व मतांच्या हिंदी लोकांना मी मुद्दाम भेटलो, हिंसेवाचून हिंदुस्थान स्वतंत्र होईल असे मानणारा जवळपास कोणीच भेटला नाही, असा त्याचा आशय आहे. १३ नोव्हेंबरला ते ‘किल्डोनन कॅसल’ बोटीने निघाले आणि २२ तारखेपर्यंत, दहा दिवसांत, त्यांनी ‘हिंद स्वराज’ हे पुस्तक गुजरातीत लिहून काढले. उजवा हात थकला की डाव्याने लिहीत. पुस्तकाचा घाट संवादाचा आहे. ‘वाचक’ अधीर प्रश्न विचारतो आणि ‘संपादक’ उत्तरे देतो. हिंसेच्या मार्गाला दिलेले ते उत्तर होते, असे पुढे गांधींनीच सांगितले. त्या ‘वाचका’च्या आवाजात लंडनच्या तरुणांचे प्रश्न ऐकू येतात, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही तसेच वाटते.

(१६)
आणि सरकारने काय केले? १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर सावरकरांना अटक झाली. त्याच मार्च महिन्यात मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज’ जप्त केले. शस्त्राचा पुरस्कार करणारा तुरुंगात आणि शस्त्राला नकार देणारे पुस्तक जप्तीत. साम्राज्याच्या लेखी त्या पंगतीतील मतभेदाला फारसा अर्थ नव्हता. तो अर्थ पंगतीत बसलेल्यांनाच ठाऊक होता.

(१७)
पुढची कटुता नाकारण्यात अर्थ नाही. १९२७ मध्ये रत्नागिरीला दोघे पुन्हा भेटले, तेव्हाही वाटा वेगळ्याच होत्या. गांधीहत्येच्या खटल्यात सावरकर आरोपी होते आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये निर्दोष सुटले. दसऱ्याच्या एका जेवणाने हे काही पुसले जात नाही. मतभेद मिटवणे हे त्या जेवणाचे काम नव्हतेच. मतभेद समोरासमोर, एका ताटाच्या अंतरावर ऐकले जावेत, एवढी सोय त्याने केली. सभेत ठराव होतात, हात वर होतात, माणसे बाहेर काढली जातात. सणाला आलेल्याला मात्र आधी पाट द्यावा लागतो.

(१८)
आज धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परांड्याची मुले-मुली शिकायला दूरदेशी जातात. भाड्याच्या खोलीत पुरणपोळी करतात, आपट्याच्या पानाऐवजी मिळेल ते पान देतात आणि फोटो घरी पाठवतात. घरच्यांना ती आठवणीची मौज वाटते आणि ती तशी असतेही. पण १९०९ चा दसरा सांगतो, की परदेशातील सण ही त्याहून मोठी जागा होऊ शकते. गावी ज्याच्या शेजारी बसलो नसतो, त्याच्या शेजारी तिथे बसता येते. ज्याचे पटत नाही, त्यालाही बोलावता येते.

समुद्र ओलांडणे आता तिकिटाचे आणि व्हिसाचे काम झाले आहे. न पटणाऱ्या माणसाला पान वाढणे हे सीमोल्लंघन अजूनही तितकेच अवघड आहे.

थ्रेड समाप्त.