अभिजात भयपटांची निवड : इतिहासाभ्यासाच्या दृष्टीने काही निकष

चित्रपट हे इतिहासाचे साधन म्हणून स्वीकारले गेल्यापासून भयपटांकडेही अभ्यासकांचे लक्ष वळले आहे. समाजाला कशाचे भय वाटत होते, हे राजपत्रांतून व वृत्तपत्रांतून जितके कळते त्याहून अधिक त्या समाजाने निर्माण केलेल्या भयकथांतून कळते, असे मानण्याकडे आज कल आहे. हे मत सामान्यतः ग्राह्य आहे. परंतु शेकडो भयपटांपैकी नेमके कोणते पाहावयाचे, हा प्रश्न केवळ रुचीचा समजला जातो. वस्तुतः तो प्रमाणाचा प्रश्न आहे. कारण निवडीत जे गृहीत धरले जाते तेच पुष्कळदा पुढे निष्कर्ष म्हणून हाती येते.

याचे ठळक उदाहरण झीगफ्रीड क्राकाउअर यांचा १९४७ साली प्रसिद्ध झालेला, कॅलिगारीपासून हिटलरपर्यंतच्या जर्मन चित्रपटांचा ग्रंथ होय. रोबेर्ट वीने याच्या ‘डॉ. कॅलिगारी’ (१९२०) या मूकपटात एक जत्रेतील खेळवाला निद्राचर तरुणाकरवी खून करवितो. शेवटी मात्र ही कथा सांगणारा तरुण वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण ठरतो आणि कॅलिगारी तेथील संचालक. क्राकाउअर यांच्या मते मूळ कथा अधिकारशाहीच्या विरोधी होती. ही बाह्य चौकट मागाहून घातल्यामुळे ती अधिकाराला शरण गेली. त्यांचा आधार हान्स यानोवित्स या सहलेखकाची आठवण हा होता. पुढे वेर्नर क्राउस या नटाजवळची मूळ पटकथेची प्रत उपलब्ध झाली व १९९५ मध्ये ती प्रसिद्धही झाली. मूळ लेखनातही एक चौकट होतीच, फक्त ती निराळी होती, असे तीवरून दिसून आले. तेथे सुखी संसार करणारा नायक आपल्या पाहुण्यांना जुनी हकीकत सांगतो. क्राकाउअर यांच्या प्रतिपादनाचा एक मुख्य खांब त्यामुळे डळमळला. शिवाय, त्या काळी जर्मनीत विनोदी व संगीतप्रधान चित्रपटही विपुल निघत असता मोजक्या विषण्ण कृतींवरून राष्ट्राच्या मनाचा इतिहास लिहावा काय, हा आक्षेप उरतोच. तथापि ‘कॅलिगारी’ पाहण्याचे कारण यामुळे नाहीसे होत नाही. रंगविलेल्या वेड्यावाकड्या भिंतींतून मनोविकाराचे दर्शन घडविण्याची त्याची रीत पुढील भयपटांना मार्गदर्शक ठरली, एवढे निश्चित आहे.

यावरून पहिला निकष असा निघतो की, कृती प्रसिद्ध आहे म्हणून ती प्रातिनिधिक समजू नये. प्रसिद्धीलाही इतिहास असतो. युनिव्हर्सल कंपनीचे ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ (दोन्ही १९३१) आज अभिजात मानले जातात. त्यांचे गुण निर्विवाद आहेत. परंतु ऑक्टोबर १९५७ पासून या कंपनीचे ५२ जुने चित्रपट एका संचाच्या रूपाने अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांना विकण्यात आले, हेही त्यांच्या कीर्तीचे एक कारण आहे. एका संपूर्ण पिढीने हेच चित्रपट रात्री घरी बसून पाहिले आणि त्यांचीच यादी परंपरा म्हणून रूढ झाली. त्याच ‘ड्रॅक्युला’च्या देखाव्यांवर रात्रीच्या वेळी जॉर्ज मेलफर्ड याच्या दिग्दर्शनाखाली स्पॅनिश भाषेतील दुसरा चित्रपट तयार झाला होता. त्याचे नाव मात्र दीर्घकाळ तज्ज्ञांपुरतेच राहिले.

दुसरा निकष प्रतीचा. हस्तलिखिताचा अभ्यासक प्रथम प्रत कोणती हे विचारतो. चित्रपटाच्या अभ्यासकानेही तेच विचारले पाहिजे. मुर्नाउ याचा ‘नोस्फेरातु’ (१९२२) हा ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या कादंबरीवरून अनुमतीवाचून घेतलेला होता. स्टोकर यांच्या विधवा पत्नीने दावा लावला व १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा निर्णय झाला. परदेशी गेलेल्या प्रतींमुळे कृती वाचली. मूळ प्रतींत रात्रीच्या दृश्यांना निळी छटा दिलेली होती. ती गाळलेल्या कृष्णधवल प्रतीत पिशाच भरदिवसा शवपेटी घेऊन हिंडताना दिसते आणि सूर्यप्रकाशाने त्याचा अंत होतो, ही कथेतील कल्पनाच निरर्थक ठरते. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस लहान मुलीला निरागसपणे तळ्यात टाकतो, ते दृश्य पूर्वी कापण्यात आले होते. उरलेल्या भागावरून त्याचा हेतू अधिक दुष्ट वाटे. १९८०च्या दशकात ते दृश्य पूर्ववत करण्यात आले. तेव्हा कापलेल्या प्रतीवरून त्या राक्षसाच्या स्वभावाची चर्चा करणे म्हणजे खंडित शिलालेखाचा अर्थ अखंड समजून लावण्यासारखे आहे.

प्रतीभेदाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण जपानी ‘गोजिरा’चे (१९५४) होय. त्या वर्षीच्या १ मार्चला बिकिनी येथील अमेरिकन हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली आणि सप्टेंबरमध्ये त्यांपैकी एकजण मृत्यू पावला. इशिरो होंडा यांचा चित्रपट नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला. त्यात आगगाडीतील एक स्त्री आपण नागासाकीतून वाचलो असे सांगते. १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीत एका अमेरिकन वार्ताहराची नवी दृश्ये जोडली गेली व नागासाकीचा उल्लेख गळाला. पहिली आवृत्ती जपानी जनतेच्या भयाचा पुरावा आहे. दुसरी, अमेरिकन प्रेक्षकांपुढे ते भय कितपत येऊ द्यावयाचे याचा. दोन्ही उपयुक्त आहेत, परंतु एकीच्या जागी दुसरी चालणार नाही.

तिसरा निकष स्वीकाराचा. समाजाने कशाने भयभीत व्हावयाचे याइतकेच त्याने काय पाहण्याचे नाकारले हेही महत्त्वाचे असते. टॉड ब्राउनिंग याच्या ‘फ्रीक्स’मध्ये (१९३२) जत्रेच्या खेळांत काम करणारी व्यंगग्रस्त माणसे स्वतःच आली होती. निर्मात्यांनी त्याची बरीच काटछाट केली आणि ब्रिटनमध्ये तो १९६३ पर्यंत निषिद्ध होता. १९६० साली मायकेल पॉवेल यांच्या ‘पीपिंग टॉम’वर ब्रिटिश समीक्षक तुटून पडले व पॉवेल यांच्या कारकिर्दीस जबर धक्का बसला. त्याच वर्षी हिचकॉक यांच्या ‘सायको’ला मात्र प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. दोन्हींत खुनी तरुण आहे. भेद असा की, ‘पीपिंग टॉम’मधील खुनी चित्रण करणारा असल्याने प्रेक्षकाच्या पाहण्यावरच आरोप येतो. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिल्याखेरीज या भेदाचे मोल ध्यानात येत नाही.

या तीन निकषांवरून प्रारंभापुरती सात चित्रपटांची निवड सुचविता येईल : ‘कॅलिगारी’, छटायुक्त ‘नोस्फेरातु’, अखंड ‘फ्रँकेन्स्टाइन’, ‘फ्रीक्स’, जपानी ‘गोजिरा’, आणि ‘सायको’ व ‘पीपिंग टॉम’ ही जोडी. ही उत्तम चित्रपटांची यादी आहे असा दावा नाही. यांतील प्रत्येकाबाबत निर्मिती, प्रत आणि स्वीकार या तिन्ही गोष्टी कागदोपत्री पडताळून पाहता येतात, एवढेच तिचे समर्थन. अभ्यासकाने प्रत्येक चित्रपटाच्या टिपणात आपण पाहिलेली प्रत कोणती, तिची लांबी किती व तीत काय गाळले आहे हे आरंभीच नोंदवावे. तेवढी शिस्त पाळली गेली, तर भयपटांवरून समाजमनाविषयी केलेली विधाने इतर साधनांच्या पंक्तीला बसण्यास हरकत राहणार नाही.