मर्दुमकी

देवळ्याहून दक्षिणेस सातमाळ्याच्या रांगेत कांचना आहे, वायव्येस बागलाणात साल्हेर. या दोन गडांच्या दरम्यान ‘मर्दुमकी’ या शब्दाचा विचार करणे आम्हांस सोयीचे वाटते.

मर्दुमकी म्हणजे शौर्य, असे सांगून कोशकार मोकळे होतात. परंतु शौर्य अंगी असते. मर्दुमकी करावी लागते, गाजवावी लागते. कृत्यावाचून तिला अस्तित्व नाही. हल्ली मात्र ‘मोठी मर्दुमकी गाजवलीस!’ हे वाक्य बहुधा टोमणा म्हणूनच कानी येते. १८१८ साली त्र्यंबकगड पडताच सतरा किल्ले इंग्रजांच्या स्वाधीन झाले. हातची शस्त्रे गेली तेव्हा शब्दासही उपरोधाचा गंज चढला, असा आमचा तर्क आहे.

शब्द मूळचा फारसी. तेथे ‘मर्दुम’ म्हणजे माणसे, लोक. आणि ‘मर्दुमी’त शौर्याबरोबर माणुसकी व सौजन्य हेही अर्थ येतात. मराठीने पहिला अर्थ तेवढा उचलला, असे वरवर दिसते. इतिहास निराळे सांगतो. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज परतत असता वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी गाठ पडली. खानाच्या आघाडीवरील इखलासखान मियाना मागच्या फौजेची वाट न पाहता मराठ्यांवर तुटून पडला व जखमी होऊन घोड्यावरून कोसळला. हाच इखलासखान १६७२ साली साल्हेरीच्या लढाईत पुन्हा जखमी होऊन मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांच्या हाती लागला. पाडाव झालेल्या सरदारांस वस्त्रे देऊन सोडले, असे सभासद सांगतो. त्याने बखर लिहिली जिंजीस, १६९७ च्या सुमारास. पंचवीस वर्षांनी लिहिताना तपशिलात काही भर पडली असेल. तथापि विजयाच्या वर्णनात ही गोष्ट त्यास सांगण्याजोगी वाटली, हेच आम्हांस महत्त्वाचे वाटते. फारसीतील दुसरा अर्थ येथे शब्दावाचूनच नांदत होता.

‘मर्द’ ऐकून हा शब्द पुरुषांपुरता मानणारे ‘मर्दुम’ विसरतात. १७०० पासून १७०७ पर्यंत ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज चालविली. तीस मर्दुमकी म्हणण्यास व्याकरणाची आडकाठी नाही.

भाषाशास्त्रज्ञांच्या मते फारसी ‘मर्द’ व संस्कृत ‘मर्त्य’ एकाच मुळाचे; मूळ अर्थ, मरण पावणारा. साल्हेरीच्या रणात सूर्यराव काकडे जंबुरक्याचा गोळा लागून पडला. सभासद त्यास महाभारतातील कर्णाची उपमा देतो आणि पुढच्या हकिगतीस लागतो.