‘थिंग’ आणि ‘गोष्ट’ : सभास्थानापासून वस्तूपर्यंतचा शब्दप्रवास

प्रस्तावना :
इंग्रजीतील ‘थिंग’, जर्मन व डच भाषांतील ‘डिंग’ आणि स्कँडिनेव्हियन भाषांतील ‘टिंग’ हे एकाच मूळ जर्मानिक शब्दाचे वंशज होत. आज त्यांचा सर्वपरिचित अर्थ ‘वस्तू’ असा असला, तरी त्यांचा प्राचीन अर्थ ‘न्यायनिवाड्यासाठी व सार्वजनिक निर्णयासाठी भरणारी सभा’ असा होता. मराठीतील ‘गोष्ट’ या शब्दानेही असाच प्रवास केला आहे. या दोन शब्दांचा इतिहास शेजारी ठेवून पाहिल्यास समाजजीवनातील कोणते वास्तव शब्दार्थात साठून राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जर्मानिक परंपरा :
इंग्लंडमधील केंट राज्याच्या सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील कायद्यांत हा शब्द ‘सभा’ याच अर्थाने येतो. त्याहीपूर्वी, तिसऱ्या शतकात, ब्रिटनमधील हेड्रियनच्या तटबंदीवर जर्मानिक सैनिकांनी ‘मार्स थिंगसस’ म्हणजे सभेचा अधिष्ठाता मंगळ या देवतेस लेख अर्पण केले. जर्मन भाषेतील मंगळवाराचे ‘डीन्सटाग’ हे नाव याच देवतेवरून आले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. आइसलंडमध्ये इ. स. 930 मध्ये स्थापन झालेली ‘आल्थिंग’ ही सभा थिंगवेलिर, म्हणजे ‘सभेचे मैदान’, येथे 1798 पर्यंत भरत असे. नॉर्वेची संसद ‘स्टोर्टिंग’ आणि डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’ यांच्या नावांत तो जुना अर्थ आजही जिवंत आहे. सभा, सभेपुढील वाद, वादाचा विषय, कोणताही विषय आणि अखेरीस कोणतीही वस्तू, असा हा अर्थविस्तार आहे. लॅटिनमधील ‘काउझा’ म्हणजे ‘खटला’ या शब्दापासून इटालियन ‘कोझा’ आणि फ्रेंच ‘शोझ’ हे ‘वस्तू’वाचक शब्द निघाले, तेही याच वाटेने.

‘गोष्ट’ या शब्दाची घडण :
ऋग्वेदातील गायींच्या सूक्तात (6.28) ‘गोष्ठ’ हा शब्द गायी बसण्याची जागा या अर्थाने येतो. त्यापासून ‘गोष्ठी’ म्हणजे एकत्र जमलेली मंडळी. आंध्रातील भट्टिप्रोलू येथील बौद्ध अस्थिकरंडकांवरील लेखांत ‘गोठि’ हा शब्द दान देणाऱ्या संघटित मंडळास उद्देशून आला आहे, तर वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त गोष्ठी म्हणजे नागरकांची रसिकसभा. पुढे सभेतील संभाषणासही ‘गोष्ठी’ म्हणू लागले. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधर ‘गोष्टि’ सांगतात, तेव्हा संभाषण व कथा हे अर्थ मराठीत रुळलेले दिसतात. याच ग्रंथात निळभट्ट भांडारेकरांसारखे भंडाऱ्याचे शिष्यही भेटतात. आज आपण ‘मीठ ही साधी गोष्ट आहे’ असे म्हणतो, तेव्हा ती ‘वस्तू’ झालेली असते. मराठीत ‘गोठा’ हा तद्भव आणि ‘गोष्ट’ हा अर्धतत्सम अशी एकाच मुळाची दोन रूपे नांदत आहेत. शेजारच्या छत्तीसगढीत ‘गोठ’ म्हणजे बोलणे व ‘गोठियाना’ म्हणजे गप्पा करणे. राजस्थानीत ‘गोठ’ म्हणजे मित्रमंडळींचे सहभोजन. नेपाळीत मात्र ‘गोठ’ हा अद्याप गोठाच आहे.

नाते आणि साम्य यांतील भेद :
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘थिंग’ आणि ‘गोष्ट’ यांचे मूळ एक नाही. त्यांचे साम्य केवळ अर्थप्रवासाचे आहे. याउलट ‘गोष्ठ’चे घटक मात्र जर्मानिक भाषांचे खरे आप्त आहेत. ‘गो’ म्हणजेच इंग्रजी ‘काउ’ व जर्मन ‘कू’. ‘स्था’ म्हणजेच ‘स्टँड’ व ‘श्टेएन’. आरंभीच्या ‘ग्’चा तिकडे ‘क्’ होणे हा याकोब ग्रिम याने 1822 मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमाचा भाग आहे. नियमित ध्वनिबदलाने सिद्ध होते ते नाते. समान सामाजिक अनुभवातून उद्भवते ते साम्य. स्थानिक इतिहासलेखनात हा भेद न पाळल्यास ग्रामनामांच्या मनोरंजक परंतु निराधार व्युत्पत्त्या प्रचलित होतात.

झाडीपट्टीतील पुरावा :
गुरे जमण्याची जागा आणि माणसे जमण्याची जागा एक कशी झाली, याचे उत्तर केवळ ग्रंथांत शोधण्याचे कारण नाही. लाखांदूर तालुक्यातील दिघोरी ज्या झाडीपट्टीत वसले आहे, त्या प्रदेशात गावची गुरे सकाळी ज्या मोकळ्या जागी गोळा होतात तिला ‘आखर’ म्हणतात. दिवाळीच्या पाडव्याला येथे गायगोधनाचा सण होतो. गोवारी बांधव सजविलेली गुरे घेऊन नाचत-गात येतात आणि सारा गाव तेथे लोटतो. पाठोपाठ भाऊबिजेपासून गावोगावी मंडईचा हंगाम सुरू होतो. दंडार व नाटके होतात, पाहुणे येतात, सोयरिकीची बोलणी चालतात. ‘गोष्ठ’ ते ‘गोष्टी’ हा शब्दकोशातील प्रवास येथे दरवर्षी प्रत्यक्ष घडतो.

निष्कर्ष :
दोन्ही परंपरांत अमूर्त विचाराच्या तळाशी एक सामायिक जागा आहे, आणि तीच आज संकटात आहे. गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात 28 जानेवारी 2011 रोजी दिला. त्यावरून या प्रश्नाची व्याप्ती ध्यानी यावी. थिंगवेलिरचा समावेश 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत झाला. आपल्या आखरांची, गोठणांची नावे आणि सीमा निदान नोंदविल्या जाव्यात, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. मराठी व इतिहास विभागांतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून हे काम सहज होऊ शकेल. पूर्वी गोष्ठ असलेल्या, पण आता नसलेल्या जागेसाठी पाणिनीने ‘गौष्ठीन’ या शब्दाची सिद्धी स्वतंत्र सूत्राने (5.2.18) सांगितली आहे. नोंदी झाल्या नाहीत, तर कोणती जागा ‘गौष्ठीन’ हे सांगणारेही उरणार नाहीत.