बारा सेकंदांचा पुरावा

विमानांचे फोटो काढण्याचा नाद आम्हाला महाविद्यालयात असताना लागला. उसना कॅमेरा आणि ३६ फोटोंचा एक रोल घेऊन आम्ही हवाई कसरती पाहायला गेलो. रोल धुऊन आला तेव्हा निम्म्याहून अधिक फोटोंत नुसते कोरे आकाश होते. एखाद्यात कडेला विमानाचे शेपूट. विमान दिसले की कॅमेरा डोळ्याला लावायचा ही आमची पद्धत, आणि तोवर विमान निघून गेलेले असे. यातली चूक पुढे एका जुन्या फोटोने आम्हाला दाखवून दिली. तो फोटो तुम्हीही पाठ्यपुस्तकात नाहीतर ज्ञानकोशात पाहिला असेल.

१७ डिसेंबर १९०३. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, किटी हॉक गावाजवळचा वाळूचा किनारा. थंडी कडाक्याची आणि वारा ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाचा. विमानात आडवे होण्यापूर्वी ऑर्व्हिल राइटने आपला कॅमेरा ट्रायपॉडवर उभा केला. आत ५ × ७ इंचांची काचेची प्लेट होती. लाकडी रूळ सोडून विमान जिथे हवेत असेल असा त्याचा अंदाज होता, त्या जागेवर त्याने कॅमेरा रोखून ठेवला. विमान येण्याआधीच जागा ठरलेली! मग जवळच्या जीवरक्षक ठाण्यातल्या जॉन डॅनिअल्सला त्याने सांगितले, "विमान उठले की हा रबरी फुगा दाब." डॅनिअल्सने तोवर कधी फोटो काढलेला नव्हता.

सकाळी १०.३५ ला विमान उठले, १२ सेकंद हवेत राहिले आणि १२० फुटांवर, म्हणजे सुमारे ३७ मीटरवर उतरले. त्या गडबडीत आपण फुगा दाबला की नाही, हे डॅनिअल्सला नीट सांगता येईना. भाऊ डेटन या आपल्या गावी परतले, प्लेट धुतली, तेव्हा कळले की दाबला होता, आणि तोही नेमक्या क्षणी. फोटोत विमान रुळावरून जेमतेम दोन फूट उठले आहे. उजवीकडे पंखाला धरून धावणारा विल्बर नुकताच हात सोडून थबकला आहे.

आता थोडे गणित करू. १२ सेकंदांत ३७ मीटर म्हणजे जमिनीच्या तुलनेत वेग सेकंदाला ३ मीटर; सायकलपेक्षाही कमी. पण समोरचा वारा सेकंदाला ११ मीटर होता. म्हणून पंखांना मिळालेला हवेचा वेग झाला सुमारे १४ मीटर. वाऱ्याने विमान उचलले आणि त्याच वाऱ्याने ते कॅमेऱ्यासमोर संथही ठेवले. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले असे धरा. तेवढ्यात विमान सरकेल ३ सेंटिमीटर. पंख्याचे मात्र तसे नाही. त्याचा व्यास सुमारे २.६ मीटर आणि फेरे मिनिटाला सुमारे ३५०. तेवढ्याच वेळात पात्याचे टोक जवळजवळ अर्धा मीटर फिरेल. पंख रेखीव आणि पंखा पुसट, हे असे घडते. आजही छंदी लोक पंख्याच्या विमानासाठी शटर मुद्दाम जरा संथ ठेवतात. फार जलद ठेवले तर पाती गोठतात आणि इंजिन बंद पडल्यासारखे दिसते.

राइट बंधूंसाठी हा नुसता छंद नव्हता, ती प्रयोगाची नोंद होती. १४ डिसेंबरला विल्बरचा प्रयत्न फसून विमान वाळूत बसले, त्याचाही फोटो त्यांनी ठेवला. १७ तारखेचा फोटो मात्र १९०८ पर्यंत प्रसिद्ध केला नाही. तोवर युरोपात अनेकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. मार्च १९१३ मध्ये डेटनला महापूर आला आणि प्लेटा पाण्यात बुडाल्या. बऱ्याच खराब झाल्या. ही मात्र कोपऱ्यावरच्या थोड्या इजेनिशी वाचली. आज ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे सांगितले जाते. मुले वर्गात हमखास विचारतात, "सर, मग पहिले कोण?" त्यांना गप्प बसवू नये; पुरावा कशाला म्हणतात ते सांगावे. त्या उड्डाणाचा फोटो नाही, आणि त्या काळची विश्वासार्ह लेखी नोंदही पुढे आलेली नाही. फोटो नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे म्हणता येत नाही. पण घडली असेही म्हणता येत नाही. उलट एकटा फोटोही पुरेसा नसतो. किटी हॉकच्या फोटोमागे ऑर्व्हिलची रोजनिशी आहे, वडिलांना केलेली तार आहे आणि पाच साक्षीदार आहेत. हे सारे एकमेकांशी जुळते, म्हणून आपण तो मानतो.

तेव्हा मुलांनी पतंगाचा किंवा कागदी विमानाचा फोटो काढला, तर तारीख, जागा, वारा आणि पाहणाऱ्यांची नावेही लिहून ठेवायला सांगा. फसलेले फोटोही टाकू देऊ नका. आमचे ते कोऱ्या आकाशाचे फोटो आम्ही टाकून दिले, याची आम्हाला आज हळहळ वाटते.